जुनं अ‍ॅव्हीसिंथ ठेवायचं की प्लस घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावच्या एका तरुणाकडे मामांचा व्हिडिओ मिक्सिंगचा सगळा संसार आलाय. विंडोज सेव्हनचा जुना कॉम्प्युटर, त्यावर अ‍ॅव्हीसिंथ २.५.८ (लिहून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणं व्हिडिओवर काम करणारा प्रोग्राम), प्लगइन्सनी, म्हणजे त्याला वरून जोडायच्या तुकड्यांनी, गच्च भरलेला एक फोल्डर आणि मामांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या पंधरा-वीस स्क्रिप्ट्स, म्हणजे त्या आज्ञांच्या फाइली. भाच्यानं नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर अ‍ॅव्हीसिंथ प्लस, म्हणजे त्याचाच नवा अवतार, टाकलं, मामांचा फोल्डर जसाच्या तसा उचलून त्यात ठेवला, आणि आता एकही स्क्रिप्ट उघडेना. २.५.८ वरच राहू, २.६ घेऊ, प्लसच नीट बसवू की सरळ व्हेपरसिंथ हा त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम शिकू, असं तो विचारतोय. वर लग्नांच्या सत्तर-ऐंशी कॅसेटी करून द्यायच्या आहेत आणि लोक फोन करतायत.

मी सांगलीत हेच काम करतो. आधी लग्नाचं शूटिंग करायचो, आता बहुतेक वेळ जुन्या कॅसेटींतच जातो. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. नवं काम सगळं प्लसवर, ६४ बिटमध्ये करा. मामांच्या स्क्रिप्ट्स जुन्या मशीनवर आहेत तिथंच राहू द्या, त्यांतली जी रोज लागते ती एकच आधी नव्या मशीनवर आणा. २.६ च्या वाटेला जाऊ नका. व्हेपरसिंथ चांगलंच आहे, पण डोक्यावर सत्तर कॅसेटी असताना ते शिकायचं नसतं.

आता कारणं. मुळात तुम्ही निवड चुकीच्या गोष्टीची करताय. अ‍ॅव्हीसिंथ स्वतः फारसं काही करत नाही. फ्रेम मागायची, पुढं द्यायची, कापायची, जोडायची एवढंच त्याचं काम. डीइंटरलेस करणं (कॅसेटवरच्या फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड्स, असतात; त्यांची पूर्ण चित्रं बनवणं), नॉइज काढणं, मोशन ओळखणं हे सगळं प्लगइन्स करतात. म्हणून आवृत्ती एकटी निवडता येत नाही, गठ्ठाच निवडावा लागतो: अ‍ॅव्हीसिंथ, त्याचे प्लगइन्स, त्यांना लागणाऱ्या डीएलएल (प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या विंडोजच्या फाइली), स्क्रिप्ट उघडणारं व्हर्च्युअलडब किंवा एफएफएमपेग, सगळं एका जोडीचं. तुम्ही केलंय काय, तर एका बाजूला खिलार आणि दुसऱ्या बाजूला म्हैस जुंपलीय. मामांचा फोल्डर ३२ बिटचा आहे, तुमचं प्लस ६४ बिटचं. ६४ बिटच्या प्रोग्रामात ३२ बिटची डीएलएल चढतच नाही. यात प्लसचा दोष नाही, विंडोजचा तो नियमच आहे.

स्क्रीनवर जी लाल चूक दिसते तिच्या शेवटी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. १९३ आला तर बिट जुळत नाहीत, म्हणजे ३२ आणि ६४ ची गल्लत. १२६ आला तर प्लगइन बहुतेक बरोबर आहे, पण त्याला लागणारी दुसरी एखादी फाइल मशीनवर नाही. तुमच्याकडं दोन्ही येणार, हे मी इथनंच सांगतो. १९३ मामांच्या फोल्डरमुळं. १२६ बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइममुळं किंवा एफएफटीडब्ल्यू नावाच्या डीएलएलमुळं, जी क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस करणाऱ्या तयार स्क्रिप्टच्या सोबतीला लागते. आणि ही डीएलएल हातानं ठेवताना निम्मे लोक फसतात. ६४ बिट विंडोजवर ६४ बिटची डीएलएल जाते ती सिस्टम३२ मध्ये, आणि ३२ बिटची जाते सिसवॉव६४ मध्ये. नावं बरोब्बर उलटी! मायक्रोसॉफ्टनं हे जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी केलं, पण माझ्यासारख्यांचे त्यात किती रविवार गेले ते विचारू नका.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय २.६ ला नाही का म्हणतोय ते कळणार नाही. बेन रुडियाक-गूल्ड यांनी अ‍ॅव्हीसिंथ सुरू केलं २००० साली. २.५.८ आलं २००८ मध्ये. त्यानंतर २.६ ची वाट बघता बघता आमच्या धंद्यातनं कॅसेट गेली आणि कार्ड आलं, आणि २.६ चं अंतिम रूप निघालं ते २०१५ मध्ये. तोपर्यंत कंटाळून काहींनी २०१३ मध्ये त्याचीच वेगळी फांदी काढली होती, तीच प्लस. त्याच्याही आधी २०१२ मध्ये फ्रेड्रिक मेलबिन यांनी सगळं नव्यानं मांडून व्हेपरसिंथ आणलं. २.६ नं वायव्ही१६, वायव्ही२४, वाय८ असे रंग साठवायचे आणखी प्रकार दिले, २.५.८ ला वायव्ही१२, वायूवाय२ आणि आरजीबी एवढंच कळायचं. पण २.६ मध्ये जे आहे ते प्लसमध्ये आहेच, शिवाय ६४ बिट, अधिकृत मल्टिथ्रेडिंग (प्रोसेसरच्या अनेक कोअरवर काम वाटणं) आणि १० ते १६ बिट रंग आहेत. मूळ अ‍ॅव्हीसिंथचं काम थांबलं, प्लसचं चालू आहे. आज कुणी नवा प्लगइन लिहितो तो प्लस समोर ठेवून. त्यामुळे २.६ ला गेलात तर घर बदलण्याचा त्रास पूर्ण आणि नवं घर मात्र जुनंच.

मग २.५.८ तरी का ठेवायचं? कारण मामांच्या स्क्रिप्ट्स त्यावर चालतात, आणि चालणारी गोष्ट मोडायची नसते. दुसरं कारण अगदीच साधं. मिनी डीव्ही कॅसेट कॅमेऱ्यातून घ्यायची तर फायरवायर लागतं. तुमच्या नव्या मशीनला ते पोर्टच नसणार, मामांच्या मशीनमध्ये कार्ड असणार. म्हणजे कॅप्चरसाठी तो डबा तसाही चालूच ठेवायचाय. त्याला इंटरनेट जोडू नका, अपडेट करू नका. एका तासाच्या कॅसेटची डीव्ही फाइल साधारण १३ जीबी होते, तेवढी जागा ठेवा, फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि पुढचं काम नव्यावर करा.

नव्या मशीनवर जुनं आणि नवं दोन्ही हवंच असेल, तर हे लक्षात घ्या. प्लसचा इन्स्टॉलर ३२ आणि ६४ बिट दोन्ही शेजारी शेजारी बसवतो, त्यात भांडण नाही. भांडण होतं ते ३२ बिटचं जुनं अ‍ॅव्हीसिंथ आणि ३२ बिटचं प्लस यांच्यात, कारण दोघांच्या डीएलएलचं नाव एकच. एक ठेवलं की दुसरं पुसलं जातं. यावर युनिव्हर्सल अ‍ॅव्हीसिंथ इन्स्टॉलर नावाची तयार सोय आहे, तिच्यातून आवृत्त्या पाहिजे तशा बदलता येतात. आणि कोणती आवृत्ती खरोखर चालू आहे याची शंका आली तर रिकाम्या स्क्रिप्टमध्ये व्हर्जन एवढा एकच शब्द लिहून ती उघडा, नाव-गाव स्क्रीनवर येतं. याहून बरं म्हणजे एव्हीएसमीटर हा छोटा तपासणीचा प्रोग्राम. त्याला माहिती विचारली की कुठला प्लगइन कुठून उचलला, किती बिटचा, कुठला चढला नाही, सगळी यादी देतो. मला कुणी लॅपटॉप घेऊन आलं तर मी आधी हीच यादी काढतो, गप्पा नंतर.

३२ बिटच्या प्लसवर मामांचे २.५ चे बरेचसे प्लगइन्स चालतील, तेवढी सोय त्यात ठेवलेली आहे. म्हणून काही जण म्हणतात की ३२ बिटचं प्लस घेऊन टाका, सगळंच चालतं. डीव्ही आणि व्हीएचएसपुरतं त्यात खोटं काही नाही. पण तुमच्याकडं पुढची लग्नं हायडेफ कॅमेऱ्याची येणार. हिशोब करा: ७२० गुणिले ५७६ ची वायव्ही१२ मधली एक फ्रेम होते ६,२२,०८० बाइटची. १९२० गुणिले १०८० ची होते ३१,१०,४०० बाइटची, बरोब्बर पाच पट. क्यूटीजीएमसी एका फ्रेमसाठी मागच्या-पुढच्या कितीतरी फ्रेमा आणि त्यांचे मोशनचे हिशोब हाताशी धरून बसतं. ३२ बिटच्या प्रोग्रामाला विंडोज एरवी २ जीबीच मेमरी देतं, मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी. मग होतं असं की सत्यनारायणाची क्लिप निघते आणि तीन तासांचं लग्न निम्म्यात बंद पडतं, तेही पहाटे.

आता एक स्क्रिप्ट प्रत्यक्ष हलवून दाखवतो. मामांच्या वेळची नमुनेदार स्क्रिप्ट अशी असते: वर सेटएमटीमोड, मग लोडप्लगइनच्या आठ-दहा ओळी, मग एव्हीआयसोर्सनं फाइल, मग कन्व्हर्टटूवायव्ही१२, मग क्यूटीजीएमसी, खाली क्रॉप (कडा कापणं) आणि शेवटी लेव्हल्स (उजेड-अंधार नीट करणं).

पहिली ओळ काढून टाका. सेटएमटीमोड ही जुन्या, अनधिकृत मल्टिथ्रेड आवृत्तीची आज्ञा, प्लसला ती कळत नाही. प्लसमध्ये उलटं आहे: कुठला फिल्टर कसा वाटायचा हे सेटफिल्टरएमटीमोडनं सांगायचं आणि स्क्रिप्टच्या अगदी शेवटी प्रीफेच लिहून कंसात थ्रेडचा आकडा द्यायचा. आकडा कोअरएवढा ठेवून सुरुवात करा, चार कोअर तर ४. सोर्स फिल्टरला, म्हणजे व्हिडिओची फाइल उघडणाऱ्याला, मोड ३ ठेवा, म्हणजे तो एका वेळी एकच काम घेईल. प्रीफेच लिहायचं राहिलं तर सगळं एकाच थ्रेडवर चालतं आणि लोक म्हणतात प्लस स्लो आहे.

लोडप्लगइनच्या ओळी सरसकट पुसा. प्लस आपले प्लगइन्स ठरलेल्या फोल्डरमधून स्वतः उचलतं, ६४ बिटचे प्लगइन्स६४ प्लस या फोल्डरमधून. मामांच्या फोल्डरमध्ये रिमूव्हग्रेनच्या चार डीएलएल दिसतील, एक साधी, एक एसएसई२ ची, एक एसएसई३ ची, वर रिपेअर वेगळी. त्या प्रोसेसरप्रमाणं बनवलेल्या असायच्या. नव्यात त्या सगळ्यांच्या जागी एकटं आरजीटूल्स. एमव्हीटूल्स आणि मास्कटूल्सचीही नव्या बांधणीची ६४ बिट फाइल घ्या. जीस्क्रिप्टचा प्लगइन असेल तर त्याची गरजच उरली नाही, फॉर, व्हाइल आणि इफ प्लसच्या भाषेतच आले. क्यूटीजीएमसीची स्क्रिप्टही ताजी घ्या; मामांच्या जुन्या क्यूटीजीएमसीला नवे प्लगइन्स जोडलेत की एखादा पर्याय ओळखू येत नाही म्हणून ते अडून बसतं.

कन्व्हर्टटूवायव्ही१२ च्या कंसात इंटरलेस्ड बरोबर ट्रू आहे का ते बघा. नसेल तर आवृत्ती कुठलीही असो, रंग चुकणार. हे ओळखायची माझी खूण सांगतो. नवरीचा लाल शालू किंवा हळदीच्या पाटावरचं कुंकू मोठं करून बघा. लाल कडेला कंगव्याच्या दातांसारखे पट्टे दिसले तर रंगाची फील्ड्स एकमेकांत मिसळलीत. पांढऱ्या-काळ्यात हे दिसत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

आणि एक ओळ वाढवा, जी मामांनी लिहिली नसेल: अझ्यूमबीएफएफ, म्हणजे खालचं फील्ड आधी धर. इथं माझी फजिती सांगतोच. मी पहिल्यांदा प्लसवर गेलो ते भर लगीनसराईत, म्हणजे चुकीच्याच वेळी. त्याच आठवड्यात नवा सोर्स फिल्टर घेतला आणि त्याच आठवड्यात मिरजेचं एक व्हीएचएस वरचं लग्न हातात आलं. डीव्हीला चालणारी स्क्रिप्ट तीच लावली. डिस्क दिली, दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं. टीव्हीवर लावून दाखवलं, तर नवरदेव अंतरपाटाआड स्तब्ध उभा आणि त्याच्या मुंडावळ्या मात्र पुढं-मागं, पुढं-मागं नाचतायत. अक्षता वर उडतात, परत खाली येतात, परत वर. मी प्लसला शिव्या घालत २.५.८ वर परत आलो, तिथंही तेच! डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, आणि एव्हीआयसोर्स न सांगता तेच धरून चालतं, म्हणून ती ओळ नसताना इतकी वर्षं निभावलं. माझ्या कॅप्चर कार्डच्या व्हीएचएस मध्ये वरचं फील्ड आधी. स्क्रिप्टमध्ये फील्डचा क्रम लिहिलेलाच नव्हता, आवृत्तीचा काही संबंधच नव्हता. पण एकदम तीन गोष्टी बदलल्यामुळं ते शोधायला दोन रात्री गेल्या. तेव्हापासून डीव्हीला अझ्यूमबीएफएफ, त्या कार्डाला अझ्यूमटीएफएफ, न चुकता. शंका असेल तर सेपरेटफील्ड्स लावून एकेक फील्ड पुढं सरकवून बघा. चालणारा माणूस सरळ पुढं गेला तर क्रम बरोबर, एक पाऊल पुढं आणि अर्धं मागं गेला तर उलटा.

स्क्रिप्ट हलवून झाली म्हणजे झालं नाही. जुन्यावर आणि नव्यावर सारखंच निघतंय का, हे डोळ्यांवर सोडू नका. मामांच्या मशीनवर दोन मिनिटांचा तुकडा लॉसलेस (चित्रातलं काहीही न गमावणाऱ्या) कोडेकमध्ये काढा, तोच तुकडा नव्यावर काढा, मग दोन्ही फाइली नव्या मशीनवर उघडून सबट्रॅक्ट, म्हणजे एका चित्रातून दुसरं वजा करणारी आज्ञा, लावा. दोन्ही अगदी एकसारखे असतील तर पडदा सपाट करडा दिसतो. त्यावर लेव्हल्स लावून करड्याच्या आसपासचा भाग ताणा म्हणजे बारीक फरकही उठून दिसेल. आधी नुसता सोर्स तपासा, मग कन्व्हर्ट जोडून, मग क्रॉप. इथपर्यंत सपाट करडंच यायला हवं. क्यूटीजीएमसी जोडलं की हलणाऱ्या कडांवर थोडी कुजबुज दिसेल, कारण प्लगइन्स बदललेत; ती चालते. पण अख्खा माणूस करड्यावर उमटलेला दिसला तर एका बाजूला एखादी फ्रेम सरकलीय. असं झालं की माझा पहिला संशय डायरेक्टशोसोर्स या सोर्स फिल्टरवर असतो, कारण त्याच्या हातून नेमकी मागितलेलीच फ्रेम येईल याची खात्री नसते. त्याच्या जागी एफएफएमएस२ घ्या. एफएफएमएस२ वापरताना शेजारी इंडेक्सची फाइल बनते. मामांच्या डिस्कवरच्या जुन्या इंडेक्स फाइली पुसून नव्यानं बनू द्या.

१६ बिटचा मोह बहुतेकांना होतो. व्हीएचएस ला त्यानं गुण येत नाही, कॅसेटमध्ये मुळात जे नाही ते कुठून येणार? हां, मांडवात संध्याकाळी घेतलेलं शूटिंग, मागं जांभळ्या लाइटचा पडदा, आणि तुम्ही लेव्हल्स जोरात ओढताय, तिथं ८ बिटमध्ये पट्टे पडतात. तेवढ्यापुरतं कन्व्हर्टबिट्सनं १६ ला जाऊन परत ८ ला या. पूर्वी हेच काम वरची आठ आणि खालची आठ बिट एकाखाली एक रचून दुप्पट उंचीच्या चित्रातनं करावं लागायचं. मामांच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये तसलं काही दिसलं तर घाबरू नका, ती ओळ नव्यात थेट लिहिता येते.

राहिलं व्हेपरसिंथ. त्यात स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहायची. तुम्हाला पायथन येत असेल तर ते अ‍ॅव्हीसिंथच्या भाषेपेक्षा कितीतरी स्वच्छ वाटेल, आणि शंभर फाइलींना एकच काम लावायचं असेल तर मजा येते. प्रत्येक फ्रेमबरोबर तिची माहिती चालते, त्यात फील्डचा क्रमही येतो: ० म्हणजे प्रोग्रेसिव्ह, १ म्हणजे खालचं आधी, २ म्हणजे वरचं आधी. माझ्या मुंडावळ्या नाचल्या त्या प्रकाराला हे चांगलं औषध आहे, आणि ही फ्रेमसोबतच्या माहितीची कल्पना पुढं प्लसनंही घेतली. पण मामांची एकही स्क्रिप्ट तिथं जशीच्या तशी चालणार नाही, प्रत्येक ओळ नव्यानं लिहावी लागेल. वायूवाय२ सारखे जुने रंगप्रकार तिथं चालत नाहीत. पहिली अनेक वर्षं आवाजाची सोयच नव्हती, त्यामुळे जुनी उदाहरणं बघून शिकायला गेलात तर आवाज वेगळा काढून नंतर जोडायचा उद्योग दिसेल. शिवाय प्रत्येक आवृत्तीला ठरावीक पायथन लागतो. मामांच्या विंडोज सेव्हनवर पायथन ३.८ च्या पुढं जात नाही, म्हणजे त्या मशीनवर नवं व्हेपरसिंथ विसराच. दिवाळीनंतर हात मोकळे झाले की एक स्क्रिप्ट तिकडं लिहून बघा, आणि त्याच सबट्रॅक्टच्या परीक्षेला बसवा.

कामाच्या मध्यात मात्र काही बदलायचं नाही. एका लग्नाच्या तीन कॅसेटी असतील तर तिन्ही एकाच गठ्ठ्यातून निघाल्या पाहिजेत. मी प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्टबरोबर त्या वेळचे सगळे प्लगइन्सही ठेवतो. २०१९ च्या पुरानंतर आलेल्या कॅसेटींचं काम तसंच ठेवलंय. पाणी शिरलेल्या घरांतल्या कॅसेटी होत्या, एकेकीवर पांढरी बुरशी. कुणी चार वर्षांनी परत येऊन आणखी एक कॉपी मागतं, तेव्हा तीच स्क्रिप्ट तशीच उघडते. असल्या बुरशीच्या कॅसेटी मामांच्या साठ्यात असतील तर त्या चालू डेकमध्ये घालू नका, हेड खराब झालं की चांगल्या कॅसेटीही अडकतात. त्या बाजूला काढा.

तरीही अडलात तर या सांगलीला. येताना नुसती स्क्रिप्ट घेऊन येऊ नका, प्लगइन्सचा आख्खा फोल्डर, सिस्टममधली एफएफटीडब्ल्यूची डीएलएल आणि दोन मिनिटांचा एक डीव्ही तुकडा पेनड्राइव्हवर आणा. आणि त्या लाल चुकीचा मोबाइलवर फोटो काढा, शेवटचा आकडा दिसेल असा.